मागच्या हुकांचा ब्लाउज

तिसऱ्यांदा तोच ब्लाउज परत आला. हिरवा, बारीक काठाचा, रोज वापरून मऊ झालेला. हुकपट्टीला सेफ्टीपिनने चिठ्ठी अडकवली होती. "डावी बाजू अजून अर्धा इंच सोडा. उजवी आहे तशी ठेवा. नवा पण याच मापाने शिवा. सुनीता."

पिशवीत नव्या ब्लाउजचं कापड होतं. मोरपंखी, साडीलाच लागून आलेलं. तिच्या मुलीचा साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता, त्याची साडी.

मी हिरवा ब्लाउज उलटा केला. डाव्या शिवणीत सोडायला कापडच उरलं नव्हतं. आधीच्या दोन वेळांत मीच ते संपवलं होतं.

शहापूरला माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. राहायला सापगावला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गावोगावच्या बायका माप द्यायला येत नाहीत, मापाचा ब्लाउज पाठवतात. अंगात नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज पाठवायचा आणि टेलरने त्यावरून नवा बेतायचा. तो भावजयीच्या हातून येतो, शाळेतल्या बाईंच्या हातून येतो, दुधाच्या गाडीतूनही येतो. टेप लावून घ्यायला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो आणि वर संकोच. काही गिऱ्हाइकांचे ब्लाउज मी पंधरा वर्षं शिवतेय. त्या वाटेत भेटल्या तर ओळखणार नाही, ब्लाउज मात्र चाचपून ओळखेन.

सुनीताला ओळखत होते. तिचं माहेर सापगावातच, आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून. लग्नातले ब्लाउज मीच शिवले. मुरबाडच्या पुढे धसईला दिलं तिला. शेती आहे, भात आणि भाजीपाला. धसईहून मुरबाड जवळ, पण तिने टेलर काही बदलला नाही. ब्लाउज तिच्या भावजयीच्या, लताच्या हातून येत-जात राहिले.

आता थोडं कामाचं सांगते. शिवणीच्या आत आम्ही दोन्ही बाजूंना इंचभर जास्तीचं कापड ठेवतो, त्याला मार्जिन म्हणतात. बाई अंगाने भरली की शिवण उसवायची, मार्जिन सोडायचं, पुन्हा टीप मारायची. पण बाई भरते ती दोन्ही बाजूंनी भरते. एकाच बाजूने भरलेली बाई मी दुकानात कधी पाहिली नव्हती. आरशात पाहिली होती.

सुनीताचा ब्लाउज पहिल्यांदा आला तो गणपती झाल्यावर. डावी बाजू जरा सैल करा. मी केली. डोक्यात दुसरी दहा कामं होती. वाटलं, धुतल्यावर एका बाजूने आटला असेल. दुसऱ्यांदा आला तो मार्गशीर्षात. तेव्हा मी जास्तच डोकं लावलं. छातीवर कापडाला चिमटी घातल्यासारखी घडी असते, तिला टक्स म्हणतात. तिच्यामुळे सपाट कापडाला गोलाई येते. उरलेलं मार्जिन सोडलं आणि डावा टक्सही सैल केला. मग उजवी बाजू बारीक दिसू लागली, म्हणून तिला आतून जाड अस्तर लावलं. बाहेरून दोन्ही बाजू अशा सारख्या दिसू लागल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. दोन दिवसांनी सुनीताचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "ताई, मस्त बसला गो. आता कोणाला काय कळत नाय."

तो निरोप मी दोनदा ऐकला. शाबासकी म्हणून.

तिसऱ्या वेळी ब्लाउज हातात घेऊन उभी होते तेव्हा डाव्या बाजूच्या आतला डाग दिसला. पिवळा, मधे हिरवट. हळद आणि पाला वाटून लावलेला लेप. बाकी कुणाला तो भाजीचा डाग वाटला असता. मला वाटला नाही, कारण तसाच डाग माझ्या ब्लाउजांना दोन महिने पडत होता.

माझं ऑपरेशन होऊन आता सात वर्षं झाली. उजवा स्तन काढला. दिवसाला दहा बायकांच्या छातीची मापं बेतणारी मी, आणि स्वतःची गाठ कळायला मला पाच महिने लागले. कळल्यावरही दोन महिने लेप लावत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक, सगळं रीतसर झालं. घरी आले तेव्हा पहिली अडचण ब्लाउजचीच. एका बाजूला वजन नसलं की ब्लाउज त्या बाजूने वर चढतो, खांदा झुकतो, पाठ दुखते. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात ना, तशी मोहरी भरून मी एक गोल पिशवी शिवली. ब्लाउजला आतून कप्पा लावला आणि पिशवी त्यात ठेवली. वजन येतं, आकार येतो, कुणाला टोचत नाही. पावसाळ्यात मोहरी बदलायची, एवढंच.

हॉस्पिटलच्या रांगेत मला मीनाताई भेटल्या. रिटायर्ड नर्स, राहायला वाशिंदला, आजार तोच. त्यांच्याही ब्लाउजला मी कप्पा लावून दिला. मग त्यांनी एकीला आणलं, तिने दुसरीला. असा आमचा गट झाला. नाव काही नाही, सगळ्या शनिवारचा गट म्हणतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सापगावला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये बसतो. शहापूर, मुरबाड, वाशिंदकडच्या चौदा जणी. कुणाची फाईल नीट लावून द्यायची, हाताचे व्यायाम करून घ्यायचे, केमोला कुणाबरोबर कोण जाणार ते ठरवायचं. चहा होतो, रडणं होतं, चावटपणाही भरपूर होतो. नियम दोनच. उपदेश करायचा नाही. आणि एकीच्या आजाराची गोष्ट दुसरीने बाहेर काढायची नाही. सांगायची झाली तर जिची तिने सांगायची. हा दुसरा नियम मीच घालायला लावला होता, कारण माझी बातमी माझ्याआधी साऱ्या गावात फिरली होती.

तर तो ब्लाउज घेऊन मी मीनाताईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"लताला विचारू का?" मी म्हटलं. "तिची भावजय आहे."

"लताला माहीत नसेल तर?"

"मग सुनीतालाच विचारते फोनवर."

"फोनवर ती नाही म्हणेल," मीनाताई म्हणाल्या. "आणि एकदा तोंडातून नाही गेलं की माणूस त्याला धरून बसतं. तू टेलर आहेस ना? मग माप घ्यायला जा."

मी सुनीताला फोन केला. म्हटलं, "या वेळी जुन्यावर भागायचं नाही. साखरपुड्याचा ब्लाउज आहे, अंगावरचं माप पाहिजे."

"कशाला गो ताई? तुला ठाव हाय माझं माप."

"आता नाही ठाऊक. तू येतेस की मी येऊ?"

पलीकडे तिने कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, "बुधवारी ये. दुपारची. घरात कोण नसतं."

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई, दोन एस्ट्या करून गेले. सुनीताचा नवरा बाजारात भाजी घेऊन गेला होता. मुलगी पूजा मुरबाडला एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला, ती संध्याकाळी येणार. सुनीताने चहा ठेवला, साखरपुड्याची साडी दाखवली, मुलाचा फोटो दाखवला. मुलगा वाशिंदच्या कंपनीत परमनंट. ती एकसारखी बोलत होती आणि डावा हात अंगाशी धरून बसली होती.

आतल्या खोलीत टेप काढला. मी माप घेताना आकडे मोठ्याने म्हणते, सवय आहे. खांदा, उंची, उजवी बाजू. मग डावी बाजू. तिने हात उचलायला वेळ लावला. टेप काखेखालून घेताना माझं बोट लागलं आणि ती शहारली. बोटाखाली काय आलं ते मला पुरतं कळलं. आकडा मी मोठ्याने म्हटला नाही.

"सुनीता, गाठ आहे."

"दुधाची गाठ हाय ती."

"पोरगी बावीस वर्षांची झाली तुझी. दूध कुठून आलं?"

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, गणपतीच्या आधीपासून आहे. आधी सुपारीएवढी होती. धसईच्याच एका म्हातारीने पाला दिला. दुखत नाही, म्हणून तिने ठरवलं की काही नाही.

"डॉक्टरकडे चल. उद्या. मी येते सोबत."

"लगीन होऊ दे पूजाचं. मंग जाईन. सोडतेय का मी?"

"साखरपुडा पुढच्या महिन्यात. लग्न?"

"मे महिन्यात."

"तोवर थांबायचं?"

"तुला नाय कळत ताई." तिचा आवाज चढला. "तुला पोरगेच हायत. माझी पोरगी हाय. आमच्या सोयऱ्यांना कळलं आईला असलं काय हाय, तर म्हणतील उद्या हिला पण होईल, हिच्या पोरींना पण होईल. मोडतील. एकदा मोडलं का दुसरा कोण येतो? झाकली मूठ हाय ती झाकलेलीच राहू दे. चार महिन्यांचा तर परश्न हाय."

मी माझ्या ब्लाउजमधून मोहरीची पिशवी काढली आणि तिच्या हातात ठेवली. माझ्या आजाराचं तिला ठाऊक होतं, पण हे तिने पाहिलं नव्हतं. तिने ती हातावर तोलली. मग म्हणाली, "मी बघायची. म्हणायची, हिचं दोन्हीकडं सारखं कसं काय."

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "दोनदा तुझा ब्लाउज सैल केला आणि विचारलं नाही. वर लपवून दिलं. ते काम मी केलं नसतं तर कुणाला तरी दिसलं असतं." ब्लाउजवर अस्तर चढवताना मी गाणं गुणगुणत होते, ते आठवत होतं.

शेवटी तिने कबूल केलं. पुढच्या सोमवारी ट्रायलला शहापूरला यायचं, आणि ट्रायल झाली की माझ्याबरोबर तिथल्या डॉक्टरबाईंकडे जायचं. घरी कुणाला सांगायचं नाही, ही तिची अट. मी हो म्हटलं.

सोमवारी सुनीता आली नाही. लता आली.

"दे ताई ब्लाउज. सुनीताताईंना टाइम नाय. त्यांनी सांगितलं, मापावर शिवलाय तर बसंलच."

"तयार नाही."

"कधी होईल?"

"ट्रायल झाल्याशिवाय माझं काम बाहेर जात नाही."

"कधीपासून गो?" लता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इतकी वरसं पिशवीतून देतेस. आता एकदम डिझायनर झालीस?"

जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर लताने चप्पल न घालता धसई गाठली असती. पण नियम माझाच आणि शब्दही मीच दिलेला. लता फणफणत गेली.

मग मी कापड समोर घेऊन बसले. ब्लाउजची पाठ कापून ठेवली होती, पुढचा भाग अजून बेतला नव्हता. आता हुकांचं सांगते. सुनीताच्या वयाच्या आमच्याकडच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज पुढे हूक असलेले. स्वतःचे स्वतः घालता येतात, कामाला बरे. मागचे हूक म्हणजे तरुण पोरींची फॅशन, लग्नकार्यातली. दिसतो छान, पण एकटीला घालता येत नाही. मागून लावायला दुसरं माणूस लागतं.

मी पुढचा भाग सलग कापला. पाठ मधोमध चिरली आणि तिथे हुकपट्टी लावली.

हे करताना मला कळत होतं मी काय करतेय. उगीच साळसूदपणाचा आव आणत नाही.

दुसऱ्या दिवशी पूजाचा फोन आला. आवाजात राग. "मावशी, आई रडतेय. लतामामी म्हणते तुम्ही ब्लाउज अडवून ठेवलाय. असं काय करता?"

"अडवला नाही. ट्रायल पाहिजे. परवा तुझी सुट्टी ना? आईला घेऊन ये."

"आई नाही म्हणते."

"मग साखरपुड्याला जुना घालेल."

आल्या दोघी. साखरपुड्याला नऊ दिवस राहिले होते. सुनीता माझ्याकडे न बघता आत आली. मी ब्लाउज उघडून दाखवला.

"मागं हूक?" ती म्हणाली. "मी काय पोरगी हाय का?"

"चांगलं दिसेल आई," पूजा म्हणाली. "सगळ्या घालतात."

दुकानाच्या कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा केली आहे. एक माणूस जेमतेम उभं राहील एवढी, आणि समोर भिंतभर आरसा. सुनीता पडद्याआड गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "ताई, तू ये. हूक लाव."

इथे मला संधी होती. मी गेले असते, हूक लावले असते, तिने ब्लाउज नेला असता. तिचा शब्दही राहिला असता आणि माझाही.

"माझे हात तेलाचे आहेत, मशीन पुसतेय," मी म्हटलं. "पूजाला पाठवते."

हात कोरडे होते.

पूजा आत गेली. आईच्या मागे उभं राहून हूक लावायला लागली असणार. आईने अंग चोरलं असणार, पण समोर आरसा होता. एक हूक, दोन हूक. मग आतला आवाज थांबला. मी मशीनकडे तोंड करून उभी होते.

"आई," पूजा म्हणाली. "हे काय आहे?"

मग बराच वेळ दोघींचं हळू आवाजातलं बोलणं. ते मी ऐकलं नाही, इथे लिहिणारही नाही.

सुनीता बाहेर आली ती तोच ब्लाउज घालून. बसला होता अगदी नीट. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"मी तुला सांगितलं व्हतं, कोणाला कळू देऊ नको. हेच शिकवतात काय तुझ्या गटात?"

"नाही. गटात याला मनाई आहे."

पूजाने आईचा हात धरला आणि मला विचारलं, "मावशी, डॉक्टर कुठे बसतात?" डोळे लाल, पण आवाज सरळ. मेडिकलवर काम करणारी पोरगी, औषधांची नावं वाचून वाचून तिला अर्धं कळतं.

त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. आठवड्यात सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सरच होता, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला, पण पुढे गेलेला नव्हता. मुंबईला फाईल निघाली. तिथल्या डॉक्टरांनी पूजाला सांगितलं, वेळ फार थोडा उरला होता, पण आलात ते बरं झालं. लग्न उरकून आला असतात तर मी काय सांगितलं असतं मला माहीत नाही, असंही ते म्हणाले.

आता सोयरिकीचं. पूजाने त्या मुलाला स्वतः फोन करून सांगितलं. कुणाचं ऐकलं नाही. मुलगा म्हणाला, मला काही अडचण नाही, घरी बोलतो. घरचे म्हणाले, साखरपुडा जरा पुढे ढकलू, आईचं होऊ द्या. मग म्हणाले, विचार करून कळवतो. ते अजून कळवतच आहेत. असल्या गोष्टींत शेवटी मुलाकडचे मोठ्या मनाचे निघतात, असं वाचायला बरं वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिते. इथे तसं झालं नाही. सुनीताची भीती खोटी नव्हती. ती जे म्हणत होती तेच झालं.

शनिवारी मी गटात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नाव न घेता सांगणार होते, पण लपवाछपवीला तोंड उरलं नव्हतं. दोन तट पडले. एक जण म्हणाली, जीव वाचला ना, मग नियम कसला? दुसरी म्हणाली, आज हिने हूक मागे लावले, उद्या आपल्यातली कुणी आणखी काही लावेल, मग बायका आपल्याकडे येतील कशाला? मीनाताईंनी दोघींचं ऐकून घेतलं.

"शोभा, तू नियम मोडलास," त्या म्हणाल्या. "आणि मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. पण आता तू सुनीताला फोन करायचा नाहीस. तिला वाटेल तेव्हा ती करेल."

तेच बरोबर होतं. मला आवडलं नाही, पण बरोबर होतं.

केमोला तिच्यासोबत मी जाणार, असं माझ्या मनात होतं. सुनीताने निरोप पाठवला, ती टेलर नको, दुसरं कोणीपण पाठवा. मीनाताई गेल्या. प्रत्येक वेळी त्या परत आल्या की मी विचारायचे, कशी आहे? त्या सांगायच्या, उलट्या झाल्या, केस गेले, तुझ्या नावाने बोटं मोडते, तब्येत चांगली आहे. ऑपरेशन झालं, शेक झाले. मोहरीची पिशवी मी शिवून मीनाताईंच्या हाती दिली. कोणी शिवली ते सांगू नका म्हटलं. त्यांनी सांगितलं. सुनीताने ठेवून घेतली.

दुकानातली एक गोष्ट मी बदलली. एका बाजूची दुरुस्ती आली की ब्लाउज हातात घेत नाही, बाईला बोलावते. चार गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. एकीचा खांदा लहानपणी पडून वाकडा झालेला निघाला. तिने मला खूप सुनावलं, ते मी ऐकून घेतलं.

सव्वा वर्षाने एका शनिवारी सुनीता गटात आली. आपणहून, पूजाला घेऊन. केस नुकते आलेले, पोरासारखे बारीक. माझ्यापासून लांब, दारापाशी बसली. जयभीम-नमस्कार सगळ्यांना केला, त्यात मीही आलेच. त्या दिवशी वाशिंदची एक नवीन बाई आली होती. पस्तिशीची, बँकेत नोकरी. रिपोर्ट पर्समध्ये घेऊन महिनाभर फिरत होती, घरी सांगितलं नव्हतं. दिराचं लग्न होतं म्हणे. उपदेश करायचा नाही हा आमचा नियम, म्हणून आम्ही सगळ्या गप्प.

सुनीता दारापाशी बसूनच बोलली. "मी पण लगीन उरकायला थांबले व्हते. या शोभाताईनं मला फसवलं. पोरीच्या समोर उघडं पाडलं. पोरीचं जमलेलं मोडलं. माझा राग गेला नाय अजून, जायचा पण नाय." मग त्या नवीन बाईकडे वळली. "पण मी तुमच्यासमोर बसून बोलतेय, ते त्यामुळंच. तुमी आपलं स्वतः सांगा घरी. कोणी फसवायची वाट बघू नका."

मी चहाची किटली घेऊन बाहेर गेले आणि नळापाशी उभी राहून पोटभर रडले. मग किटली विसळून आत आले.

ती बँकेतली बाई त्याच आठवड्यात मुंबईला गेली. सोबत सुनीता गेली. त्यानंतर मुरबाडकडची कुणी नवीन आली की सुनीताच जाते. आता तीन वर्षं होतील. तिची रोजची गोळी चालू आहे, तपासण्या नीट आहेत. पूजाचं लग्न ठरलेलं नाही. तिला घाई नाही, सुनीताला आहे.

ब्लाउज मात्र सुनीता माझ्याकडे देत नाही. मुरबाडला एका तरुण मुलीने दुकान टाकलंय, तिच्याकडे देते. गेल्या महिन्यात त्या मुलीचा मला फोन आला. माझा नंबर कुणी दिला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मॅडम, एक कस्टमर आहे. तिला आतून कप्पा पाहिजे, मोहरीच्या पिशवीसाठी. दोनदा लावला, नीट बसत नाही. तुम्ही शिवता म्हणे."

मी सगळं सांगितलं. कापड सुती घे, धुतलेलं. कप्प्याचं तोंड काखेच्या बाजूला ठेव, वर ठेवलंस तर लावणीला वाकली की पिशवी बाहेर येईल. खालची शिवण दुहेरी मार, वजन तिथे येतं. ती लिहून घेत होती.

"आणि डावा खांदा जरा उतरलाय तिचा," ती म्हणाली. "पाव इंच धरू?"

"अर्धा धर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ऑपरेशननंतर तेवढा उतरतोच," मी म्हटलं. हेही खोटं. प्रत्येकीचा वेगळा उतरतो. सुनीताचा मी गटाच्या दर बैठकीला समोर बसून नजरेने मोजलाय.

धंद्यात सांगतात, गिऱ्हाईक तोडू नये. मी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तोडलं. ते महिन्यातून एकदा आमच्या हॉलमध्ये बसून दोन कप चहा पितं, माझ्याशी कामापुरतं बोलतं, आणि त्याच्या ब्लाउजच्या डाव्या मुंढ्याला, बाही जोडतात तिथे, अजून चुण्या पडतात. मला त्या दिसतात. मी काही बोलत नाही.